वरून दिसणारा मंगळ वाचायचा कसा

ऑर्बिटरने, म्हणजे ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानाने, काढलेला मंगळाचा फोटो पहिल्यांदा उघडला की बऱ्याच जणांना त्यात विवरं, म्हणजे अंतराळातून आलेले दगड आपटून पडलेले खड्डे, दिसतच नाहीत, गोल गोल उंचवटे दिसतात. डोळ्यात काही दोष नसतो. आपल्या मेंदूला सवय असते की उजेड नेहमी वरून येतो, त्यामुळे फोटोत उजेड खालच्या किंवा भलत्याच बाजूने पडलेला असला की मेंदू खड्ड्याला टेकडी करून टाकतो आणि टेकडीला खड्डा, आणि एकदा तसं दिसायला लागलं की कितीही टक लावून बघा, ते उलटत नाही. म्हणून फोटो उघडल्यावर पहिलं काम एकच, सूर्य कुठल्या बाजूला आहे ते शोधायचं. नासाचा एमआरओ, म्हणजे मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर, ज्याचे फोटो सगळ्यात जास्त बघितले जातात, तो खालच्या जागेवर दर वेळी तिथल्या दुपारी तीनच्या सुमारास येतो, कारण त्याची कक्षाच तशी बसवलेली आहे. दुपारी तीनला सूर्य पश्चिमेकडे कललेला असतो, आणि नकाशासारखं उत्तर वर ठेवलं की पश्चिम डावीकडे येते. म्हणजे बहुतेक फोटोंमध्ये उजेड डावीकडून. आता गोल आकाराची डावी आतली बाजू काळी आणि उजवी बाजू उजळ असेल तर तो खड्डा, आणि डावी उजळ, उजवी काळी असेल तर उंचवटा. एवढं एक कळलं तरी निम्मा फोटो जागेवर येतो. तरीही उलटंच दिसत असेल तर फोटो फिरवून उजेड वरून येईल असा धरा, लगेच सुलटतं.

आणि दुपारी तीनच का, तर डोक्यावर सूर्य असेल तर सावल्याच पडत नाहीत, सगळं सपाट दिसतं. वरून काढलेल्या फोटोत उंची कळायला सावलीशिवाय दुसरा सोपा मार्ग नाही. सावलीवरून उंची मोजताही येते आणि ते गणित शाळेतलंच आहे. समजा एका कड्याची सावली फोटोत २०० पिक्सेल लांब आहे, एक पिक्सेल म्हणजे २५ सेंटिमीटर, म्हणजे सावली ५० मीटर. सूर्य क्षितिजापासून ३० अंशावर असेल तर ५० ला ३० अंशाच्या टॅनने, म्हणजे ०.५८ ने गुणायचं, कडा साधारण २९ मीटर उंच. बस. जमीन उतरती असेल तर चूक होते, म्हणून नेमकं काम करायचं असेल तेव्हा एकाच जागेचे दोन वेगवेगळ्या कोनातून घेतलेले फोटो जुळवतात, किंवा "मोला" नावाच्या उपकरणाचा डेटा घेतात. मोला हे नासाच्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरचं लेसर उपकरण होतं, खाली लेसर मारायचा, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, अशी ६० कोटींहून जास्त मोजमापं त्याने घेतली. निळ्या-लाल-पांढऱ्या रंगाचा मंगळाचा जो प्रसिद्ध नकाशा आहे तो त्यातून आला. तिथला निळा म्हणजे पाणी नाही, निळा म्हणजे सखल. हे मुद्दाम सांगतोय, कारण तो नकाशा बघून "मंगळावर समुद्र आहे" असं समजणारे लोक खरोखर भेटतात. एमआरओवरच्या हायराइज कॅमेऱ्याच्या रंगीत फोटोतल्या निळ्या टेकड्यांचंही तसंच, त्यात डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेडही एका रंगात बसवलेला असतो, त्यामुळे बेसाल्टची काळी वाळू फोटोत निळी दिसते.

दुसरी गोष्ट स्केल. फोटोत झाड नाही, घर नाही, रस्ता नाही, त्यामुळे समोरचं विवर ५० मीटरचं आहे की ५० किलोमीटरचं हे नुसतं बघून कोणालाही सांगता येत नाही, अनुभवी माणसालाही नाही. कॅमेरा कुठला ते बघा. एमआरओवर दोन महत्त्वाचे कॅमेरे आहेत. सीटीएक्सचा एक पिक्सेल साधारण ६ मीटरचा आणि पट्टा ३० किलोमीटर रुंद, हायराइजचा पिक्सेल २५-३० सेंटिमीटरचा पण पट्टा जेमतेम ६ किलोमीटर. पहिला कुठे बघायचं ते सांगतो, दुसरा तिथे नेमकं काय आहे ते. आणि एक पिक्सेल २५ सेंटिमीटरचा म्हणजे २५ सेंटिमीटरचा दगड ओळखू येतो असं नाही हं, एखादी वस्तू वेगळी ओळखू यायला निदान तीन-चार पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण एक मीटर.

रिझोल्यूशन कमी आणि सूर्य खाली असला की काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे मंगळाच्या सिडोनिया भागातला, माणसाच्या तोंडासारखा दिसणारा "चेहरा". २५ जुलै १९७६ ला नासाच्या व्हायकिंग १ यानाने तो फोटो काढला, सूर्य क्षितिजापासून वीसेक अंशच वर, लांब सावल्या, एक पिक्सेल साधारण ५० मीटरचा, आणि त्यात काही ठिपके तर चक्क डेटा गहाळ झाल्याचे, त्यातलाच एक नाकपुडीच्या जागी बसला. त्यावरून वीस-बावीस वर्षं काय काय चर्चा झाल्या. मग मार्स ग्लोबल सर्व्हेयरने १९९८ मध्ये तीच जागा टिपली, २००१ मध्ये तर दीड मीटरच्या आसपास रिझोल्यूशनने परत टिपली आणि समोर आली एक झिजलेली, सपाट माथ्याची टेकडी. तशा टेकड्या त्या भागात भरपूर आहेत.

आता खरा मुद्दा. फोटोतला आकार ओळखता आला की काम झालं असं वाटतं, पण माझ्या मते सुरुवात वेगळीकडून करायला हवी. "हे काय आहे" च्या आधी "कोणाच्या वर कोण आहे" हे विचारायचं. जे वर आहे ते नंतरचं, जे कापलं गेलंय ते आधीचं. लाव्हाने विवर अर्धं भरून टाकलंय, म्हणजे विवर आधीचं, लाव्हा नंतरचा. त्याच लाव्हावर दुसरं छोटं विवर पडलंय, ते त्याच्याही नंतरचं. एक भेग त्या छोट्या विवराला कापून गेलीय, म्हणजे भेग सगळ्यात शेवटची. दगड हातात न घेता, तिथे न जाता, नुसत्या फोटोवरून चार घटनांचा क्रम लागला, आणि हा क्रम सहसा चुकत नाही. आकाराचा अर्थ लावण्यात लोक वर्षानुवर्षं भांडतात, पण क्रमावर फार कमी भांडणं होतात. मला तर या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

क्रम लागला तरी वर्षं कळत नाहीत. त्यासाठी विवरं मोजतात. अंतराळातून दगड पडत राहतात, सगळीकडे साधारण सारखे पडतात, त्यामुळे जी जमीन जास्त काळ उघडी पडून आहे तिच्यावर विवरं जास्त. ठरावीक चौरस किलोमीटरमध्ये कुठल्या आकाराची किती विवरं आहेत ते मोजायचं आणि आलेखावर टाकायचं. पण आलेखावर वर्षं कुठून आली, तर चंद्रावरून. अपोलोच्या अंतराळवीरांनी १९६९ ते १९७२ मध्ये आणलेल्या दगडांचं वय प्रयोगशाळेत मोजलं, ते ज्या जागेवरून उचलले तिथली विवरं मोजली, आणि "एवढी विवरं म्हणजे एवढी वर्षं" असं कोष्टक बनवलं. त्यात ३०० कोटी वर्षांपेक्षा नव्या जमिनींच्या बाबतीत मोठी फट होती, २०२० च्या डिसेंबरमध्ये चिनी चांग'ए-५ ने आणलेले दगड साधारण २०० कोटी वर्षांचे निघाले, त्याने ती फट थोडी बुजली. मंगळासाठी हे कोष्टक तसंच्या तसं चालत नाही, तिथे पडणाऱ्या दगडांचा वेग वेगळा, संख्या वेगळी, वर थोडी का होईना हवा आहे, म्हणून ते हिशोब करून बदलून घेतात. त्यामुळे मंगळावरच्या जागांची जी वयं तुम्ही वाचता त्यात न सांगितलेली बरीच अनिश्चितता असते. "अमुक विवरापेक्षा तमुक लाव्हा नवा" हे पक्कं, "तो २० लाख वर्षांपूर्वीचा" हे अंदाजाचं.

यात एक मोठी अडचण पण आहे. मोठं विवर पडलं की त्यातून उडालेले दगड लांब जाऊन पडतात आणि स्वतःची छोटी विवरं करतात. झुनिल नावाचं मंगळावर १० किलोमीटरचं एक विवर आहे, तेवढ्या एका आघातातून सुमारे एक कोटी दुय्यम विवरं झाली असावीत असा अंदाज २००५ मध्ये मांडला गेला. म्हणजे तुम्ही लहान लहान विवरं मोजून जमीन जुनी ठरवली आणि ती सगळी एका दुपारीच पडलेली निघाली तर? म्हणून मोजणारे लोक सहसा मोठ्या विवरांवर जास्त भरवसा ठेवतात, आणि झुबक्याने, एका रेषेत किंवा जरा लांबट अशी पडलेली छोटी विवरं वगळतात.

विवरांबद्दल अजून थोडं. विवरं गोल का असतात हा प्रश्न खूप जणांना पडतो, दगड तिरका आला तर लांबट खड्डा व्हायला हवा ना? पण सेकंदाला दहा-दहा किलोमीटर वेगाने आलेला दगड जमीन उकरत जात नाही, आपटल्या क्षणी त्याची ऊर्जा स्फोटासारखी चारी बाजूंना पसरते, त्यामुळे विवर गोलच होतं. फारच तिरका, जमिनीला जवळजवळ घासत आला तरच लांबट. लहान विवर साधं वाटीसारखं, पण मंगळावर साधारण सात-आठ किलोमीटरच्या पुढे गेलं की तळ उसळी मारून मध्ये डोंगर उभा राहतो आणि कडेच्या भिंती पायऱ्या-पायऱ्यांनी खचतात. आणि मंगळाची एक खासियत, विवराच्या भोवती उडालेला माल चंद्रावर असतो तसा किरणांसारखा न पसरता पाकळ्यांसारखा पसरलेला दिसतो, कडेला छोटा बांध असलेला. व्हायकिंगने टिपलेलं यूटी हे वीसेक किलोमीटरचं विवर त्यासाठी प्रसिद्ध आहे. तो माल चिखलासारखा वाहिला असावा, म्हणजे जमिनीखाली बर्फ होता आणि आघाताच्या उष्णतेने तो मिसळला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

गोल दिसतं ते सगळं आघाताचं नसतं. ज्वालामुखीच्या माथ्यावरचा खड्डा, म्हणजे काल्डेरा, वरून अगदी विवरासारखा दिसतो. फरक ओळखायची खूण सोपी आहे: आघाताच्या विवराचा तळ आजूबाजूच्या मैदानापेक्षा खाली असतो, काल्डेराचा तळ डोंगराच्या माथ्यावर असल्यामुळे मैदानापेक्षा कितीतरी वर, आणि त्याच्याभोवती उडालेल्या मालाचा थर नसतो. ऑलिम्पस मॉन्स घ्या. उंची जवळपास २२ किलोमीटर, रुंदी ६०० किलोमीटर, माथ्यावर एकात एक अडकलेले सहा काल्डेरे. एवढा मोठा का झाला, तर मंगळावर पृथ्वीसारख्या सरकणाऱ्या प्लेट्स नाहीत. पृथ्वीवर खालून लाव्हा येत राहतो पण वरची प्लेट सरकत जाते म्हणून ज्वालामुखींची रांग तयार होते. मंगळावर वरचं कवच जागचं हलत नाही, सगळा लाव्हा एकाच जागी साचत जातो, आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के असल्यामुळे एवढा डोंगर पेलला जातो. गंमत म्हणजे उतार फक्त पाच-एक अंशाचा, पायथ्याशी उभं राहिलात तर सगळा डोंगर एका नजरेत दिसणारच नाही, तो क्षितिजापलीकडे जातो. हा डोंगर समजायचा तर वरूनच बघावा लागतो.

तो पहिल्यांदा नीट दिसला तेही तसंच. १९६५ मध्ये मरिनर ४ मंगळाजवळून गेलं आणि २२ फोटो पाठवले, सगळीकडे विवरंच विवरं, लोकांनी ठरवून टाकलं की मंगळ म्हणजे दुसरा चंद्र, मेलेला. ग्रहाचा एखादा टक्काच भाग दिसला होता त्यात. मग १४ नोव्हेंबर १९७१ ला मरिनर ९ मंगळाच्या कक्षेत शिरलं, दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारं पहिलं यान, आणि खाली काय, तर पूर्ण ग्रहावर धुळीचं वादळ. काहीच दिसेना. फक्त चार काळे ठिपके धुळीच्या वर डोकं काढून होते. धूळ खाली बसत गेली तशी कळलं की ते चार ठिपके म्हणजे चार ज्वालामुखींचे माथे आहेत. त्यानंतर ७००० हून जास्त फोटो आले आणि दऱ्या, कोरडे नदीमार्ग, ध्रुवावरचे थर असा सगळा वेगळाच ग्रह समोर आला. थोड्या भागावरून सगळ्या ग्रहाबद्दल बोलू नये हे त्या सहा वर्षांत सगळ्यांना कळलं.

व्हॅलेस मरिनेरिस ही ४००० किलोमीटर लांबीची दरी याच यानामुळे सापडली आणि नावही त्यावरूनच पडलं. ती नदीने कोरलेली नाही, शेजारच्या थार्सिसच्या प्रचंड उंचवट्यामुळे कवच ताणलं गेलं, फाटलं, खचलं, म्हणजे मुळात ती खचदरी आहे. नंतर भिंतींवरून दरडी कोसळून ती रुंद होत गेली.

पाण्याकडे येऊ, कारण सगळ्यांना त्यातच रस असतो. वाहत्या पाण्याच्या खुणा मंगळावर दोन तऱ्हेच्या आहेत आणि त्या एकमेकीत मिसळू नयेत. पहिली तऱ्हा म्हणजे फांद्या-फांद्यांच्या दऱ्या, लहान ओढे मिळून मोठा, मोठे मिळून अजून मोठा, दक्षिणेकडच्या जुन्या उंच प्रदेशात. अशा जाळ्याला पाणी बऱ्याच ठिकाणाहून यावं लागतं, पाऊस म्हणा किंवा बर्फ वितळून म्हणा, आणि बराच काळ. त्या बहुतेक ३५० कोटी वर्षांहून जुन्या. दुसरी तऱ्हा म्हणजे महापुराचे मार्ग, दहा-वीस नाही, शंभर-शंभर किलोमीटर रुंद, उपनद्या जवळजवळ नाहीतच, आणि उगमाला नदी नसते, तिथे जमीन ढासळून ठोकळ्या-ठोकळ्यांचा पसारा झालेला असतो. जमिनीखालचं पाणी एकदम फुटून बाहेर आलं आणि वरची जमीन खाली बसली असं त्याचं सर्वमान्य स्पष्टीकरण. एरिस व्हॅलिस हा त्यातलाच, त्याच्या मुखाशी ४ जुलै १९९७ ला पाथफाइंडर उतरलं. अशा मार्गात थेंबाच्या आकाराची बेटं दिसतात, एका बाजूला विवराचा कठीण गोल कडा आणि मागे निमुळती शेपटी. प्रवाह गोल बाजूकडून शेपटीकडे. पाणी आटून अब्जावधी वर्षं झाली तरी दिशा एका नजरेत कळते.

आता एक जागा जवळून बघू, जेझेरो. साधारण ४५ किलोमीटरचं विवर, पर्सिव्हरन्स रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ ला इथेच उतरला. वरून काढलेल्या फोटोत कडेवरून गोल नजर फिरवत बघा. पश्चिमेकडे एक नदीमार्ग कडा फोडून आत येतो, नेरेत्वा व्हॅलिस. उत्तरेकडून अजून एक, सावा. आणि पूर्वेकडे कडा फोडून एक मार्ग बाहेर जातो, प्लिवा. हा बाहेर जाणारा मार्ग खूप महत्त्वाचा, कारण आत येणारं पाणी नुसतं तळाला झिरपून गेलं असतं तर बाहेर जायला वाटच पडली नसती, ती पडायला पाण्याची पातळी त्या कड्यापर्यंत चढावी लागते, म्हणजे विवर भरलं होतं, तिथे तलाव होता. हे झालं नुसत्या आकारावरून. मग नेरेत्वा जिथे आत शिरते तिथे पंख्यासारखा पसरलेला गाळ, त्रिभुज प्रदेश, वळणावळणाचे जुने प्रवाह त्याच्यावर अजून दिसतात. आणि क्रिझम नावाच्या उपकरणाने त्याच भागात चिकणमातीची खनिजं आणि कार्बोनेट ओळखली, म्हणजे आकार आणि रसायन दोन्ही एकच सांगतायत. तरी शंका उरतेच, कारण उतारावरून कोरड्या जमिनीवर पसरलेला गाळाचा पंखाही वरून असाच दिसू शकतो. मग रोव्हर उतरल्यावर त्याने कोडियाक नावाच्या एका सुट्या टेकाडाचे फोटो काढले, त्याच्या कडेला थर स्पष्ट दिसले, खाली आडवे, मध्ये तिरपे, वर परत आडवे. असे थर स्थिर पाण्यात नदी गाळ टाकते तेव्हाच पडतात. वरून वाचलेलं खाली जाऊन खरं ठरलं. त्याच थरांच्या वरच्या बाजूला मोठमोठे धोंडे होते, म्हणजे शेवटी शेवटी जोराचे पूर पण आले होते, आणि हे मात्र वरून कोणालाच कळलं नव्हतं.

वारा आज पण काम करतोय. चंद्रकोरीसारख्या वाळूच्या टेकड्या, बारखान, मंगळावर ढिगाने आहेत आणि त्या वाचायला सगळ्यात सोप्या: कोरीची दोन टोकं वारा जिकडे जातो तिकडे रोखलेली असतात. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे कित्येक वर्षं असं मानलं जायचं की या टेकड्या जुन्या, थिजलेल्या आहेत. मग हायराइजने निली पाटेरा इथले तेच ढीग काही महिन्यांच्या अंतराने टिपले आणि २०१२ मध्ये दाखवून दिलं की त्या सरकतात, आणि वाहून जाणारी वाळू अंटार्क्टिकातल्या काही टेकड्यांशी तुलना करण्याइतकी आहे.

आणि आता ती गोष्ट जी प्रत्येकाने लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं: एकच आकार दोन वेगळ्या गोष्टी करू शकतात. २०११ मध्ये उभ्या उतारांवर बारीक काळपट रेषा सापडल्या, उन्हाळ्यात लांबतात, थंडीत फिकट होऊन जातात, दर वर्षी परत येतात. काही मीटर रुंद, शेकडो मीटर लांब. बघणाऱ्याला पहिला विचार पाण्याचाच येणार. २०१५ मध्ये तिथे पाणी धरून ठेवणाऱ्या क्षारांच्या खुणा सापडल्याचं जाहीर झालं आणि जगभर "मंगळावर वाहतं पाणी" अशा हेडलाइन्स आल्या. पण २०१७ मध्ये काहींनी एक साधी गोष्ट तपासली, या रेषा सुरू कुठे होतात आणि संपतात कुठे, तिथला उतार किती अंशाचा. रेषा फक्त साधारण २८ अंशांहून जास्त उभ्या उतारावर होत्या आणि उतार तेवढ्यावर आला की थांबत होत्या. पाणी असं वागत नाही, पाणी कमी उतारावरही वाहत राहतं. कोरडी वाळू मात्र बरोब्बर अशीच वागते, ढिगावर मूठभर वाळू सोडली की ती ठरावीक उतारापर्यंत घरंगळते आणि थांबते. ऋतूप्रमाणे ती का सुटते यावर अजून काम चालू आहे, पण वाहत्या पाण्याची बाजू बरीच कमजोर झाली.

घळींचंही तसंच झालं. २००० मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरच्या फोटोत विवरांच्या भिंतींवर ताज्या घळी दिसल्या, वर खोबण, मध्ये नाली, खाली पंखा, पृथ्वीवर पाण्याने होतात अगदी तशा. नंतर त्याच जागा वर्षानुवर्षं परत परत टिपल्यावर कळलं की नवीन बदल थंडीत होतायत, जेव्हा तिथे पाणी असायची शक्यताच नाही पण कार्बन डायऑक्साइडचा बर्फ साचलेला असतो. आजच्या बदलांमागे तो बर्फ असावा. जुन्या काळात पाण्याचा हात होता का, यावर मतं वेगवेगळी आहेत.

काही आकार तर असे की पृथ्वीवर त्यांना जोडीच नाही. दक्षिण ध्रुवाजवळ जमिनीत कोरलेल्या, मधून चारी बाजूंना फाटे फुटलेल्या आकृत्या दिसतात, काही मीटरपासून एक किलोमीटरपर्यंत, शास्त्रज्ञ त्यांना स्पायडर म्हणतात. हिवाळ्यात तिथे कार्बन डायऑक्साइडचा साधारण मीटरभर जाडीचा, काचेसारखा अर्धपारदर्शक थर जमतो. वसंत आला की ऊन त्या थरातून आरपार जातं आणि खालची काळी जमीन तापते, त्यामुळे बर्फ वरून नाही, खालून उडायला लागतो, डायरेक्ट घनाचा वायू. वायू अडकतो, दाब वाढतो, कुठेतरी थर फुटतो आणि वायू धूळ घेऊन कारंज्यासारखा बाहेर पडतो. त्या छिद्राकडे धावणारा वायू जमिनीत चर पाडतो, दर वर्षी थोडे थोडे, आणि बाहेर उडालेली धूळ वाऱ्याच्या दिशेला काळा पट्टा होऊन बर्फावर पडते. २०२४ मध्ये नासाच्या जेपीएल या केंद्रातल्या प्रयोगशाळेत मंगळासारखी थंडी आणि दाब तयार करून हे लहान प्रमाणात करूनही बघितलं, आणि झालं. पृथ्वीवरचे आकार पाठ करून मंगळ बघणाऱ्याला हे कधीच सुचलं नसतं, इथे ग्रहाचा स्वतःचा हिवाळा आधी समजून घ्यावा लागला.

म्हणूनच तीच जागा परत परत टिपण्याला एवढी किंमत आहे. २४ डिसेंबर २०२१ ला इनसाइट लँडरच्या भूकंपमापकावर ४ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. दीड-दोन महिन्यांनी एमआरओच्या फोटोंत अमेझोनिस प्लॅनिशिया नावाच्या मैदानात एक मोठा काळा डाग दिसला, आधीच्या फोटोत तो नव्हता. मग रोज हवामानाचे फोटो काढणाऱ्या मार्सी कॅमेऱ्याचे जुने फोटो काढून बघितले, एका दिवशी डाग नाही, दुसऱ्या दिवशी आहे, आणि तो दिवस धक्क्याचाच. हायराइजने जवळून बघितलं तर सुमारे १५० मीटरचं नवंकोरं विवर आणि भोवती पांढरे ठिपके, पाण्याच्या बर्फाचे ढेकळे, आघाताने जमिनीखालून वर फेकले गेलेले. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, ३५ अंश उत्तरेला, उघडा पडलेला बर्फ तोपर्यंत कोणी पाहिला नव्हता. पाकळ्यांच्या विवरांवरून जमिनीखाली बर्फ असावा असा जो अंदाज व्हायकिंगच्या काळापासून लोक बांधत होते, त्याला अशी वरूनच साक्ष मिळाली.

हे सगळे फोटो कोणालाही बघता येतात, फुकट, पूर्ण रिझोल्यूशनमध्ये. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेने २०२३ मध्ये सीटीएक्सचे फोटो जोडून जवळपास अख्ख्या मंगळाचा एक अखंड नकाशा ब्राउझरमध्ये उघडा ठेवलाय, तिथे आधी फिरा, झूम करा, काही वेगळं दिसलं की त्या जागेचा हायराइजचा फोटो आहे का ते ॲरिझोना विद्यापीठाच्या साइटवर शोधा. बऱ्याच जागांचा नसतो, कारण तो पट्टा इतका अरुंद आहे की ग्रहाचा थोडाच भाग आजवर टिपून झालाय. नसेल तर तिथेच हायविश म्हणून सोय आहे, २०१० पासून, जागा नकाशावर निवडायची, तिथे काय बघायचंय आणि का ते थोडक्यात लिहायचं आणि पाठवून द्यायचं. शाळेतल्या मुलांनी सुचवलं तरी चालतं. फक्त "का" च्या रकान्यात नुसतं "छान दिसतंय" लिहू नका, लाव्हा विवराच्या वर आहे की खाली हे इथे कळेल, असं काहीतरी लिहा.